जुना सर्व्हर, नवं ट्रूनॅस

प्रश्न : घरी 2017 साली जोडलेला स्टोरेज सर्व्हर आहे. फ्रीनॅस 11.3 (स्टोरेज सर्व्हर चालवणारी प्रणाली), तीन टीबीच्या चार डिस्क, रेडझेड-1 (अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या ‘रेड’ पद्धतीचा एक प्रकार). पेनड्राइव्हवरून सुरू होतो. साधारण 4 टीबी माल आहे : ट्रेकचे फोटो आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. आता फ्रीनॅसच्या नव्या अवतारावर, ट्रूनॅसवर जायचंय, पण काही पुसलं गेलं तर? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचे फोटो चार डिस्कवर आहेत आणि फ्रीनॅस त्या पेनड्राइव्हवर. दोघांचा संसार वेगळा. पेनड्राइव्ह बदलली म्हणून फोटो जात नाहीत. जातात ते तीन ठिकाणी : जुनी डिस्क ऐन वेळी मान टाकते, इन्स्टॉलरमध्ये चुकीची डिस्क निवडली जाते, किंवा नको त्या चौकटीत टिक होते.

आधी स्क्रब (साठवलेला सगळा डेटा वाचून तपासणं) चालवा आणि प्रत्येक डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर शून्य नसेल तर ती डिस्क आधी बदला. रेडझेड-1 एकच डिस्क गेलेली सोसतं, दुसरी गेली की खेळ खलास. म्हणूनच रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी या सदरात कंटाळा येईपर्यंत लिहिणार आहे. 6 टीबीची एक बाहेरची डिस्क घ्या, स्वस्तात मिळाली म्हणून वापरलेली आणू नका. लॅपटॉप केबलने जोडून कॉपी करा, वायफायवर नको. गिगाबिट केबलवर सेकंदाला शंभर-एक मेगाबाइट धरले तरी 4 टीबीला अकरा-बारा तास लागतात, तेव्हा महावितरणचा शटडाऊनचा मेसेज आलाय का, ते आधी बघा. ओव्यांची आणखी एक प्रत वेगळ्या घरी ठेवा. ट्रेक पुन्हा करता येतो.

पूल (चारही डिस्क मिळून झालेला एकच साठा) करताना एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला कुलूप, लावलं होतं का, हे आत्ताच तपासा. फ्रीनॅसचं ते जुनं जेली एन्क्रिप्शन लिनक्सवरच्या नव्या ट्रूनॅसला उघडत नाही. असेल तर पूल नव्याने बांधून बॅकअपमधून माल परत भरावा लागेल.

नसेल तर काम सोपं आहे. शेअरची नावं, यूजर आणि त्यांचे आयडी कागदावर उतरवा, कॉन्फिगरेशनची (सगळ्या सेटिंगची) फाइलही डाउनलोड करून ठेवा. मग पूल ‘एक्स्पोर्ट/डिस्कनेक्ट’ करा. तिथल्या खिडकीत ‘डिस्ट्रॉय डेटा ऑन धिस पूल?’ अशी चौकट असते. ती रिकामी राहू द्या. दोनदा वाचा, चष्मा लावून. मशीन बंद करून चारही डिस्कच्या साटा केबल काढा आणि प्रत्येक डिस्कवर चिकटपट्टीने नंबर लावा. झेडएफएसला (पूल सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिमला) पोर्टचा क्रम लागत नाही, पण पुढे एखादी डिस्क बिघडली तर तुम्हाला लागेल. मग छोट्या नव्या एसएसडीवर ट्रूनॅस टाका. डिस्क जोडलेल्याच नसतील तर इन्स्टॉलर पुसणार काय? मशीन बंद करा, केबल परत लावा, ‘इम्पोर्ट पूल’ करा, यूजर जुन्याच आयडीने बनवा. आयडी बदलला तर फोटो दिसतील, पण परवानगी नाकारली जाईल आणि तुम्हाला उगाच घाम फुटेल.

आवृत्ती कोणती? 2020 मध्ये फ्रीनॅसचं ट्रूनॅस कोअर झालं, तेही फ्रीबीएसडी या फ्रीनॅसच्याच मूळ ऑपरेटिंग सिस्टिमवर. 2022 पासून डेबियन लिनक्सवरची स्केल आवृत्ती आली आणि पुढचं काम तिच्यावर चालतं. रॅम 8 जीबी असेल तर थेट तिकडेच जा. जुन्या जेलमध्ये (फ्रीनॅसमधली अ‍ॅप चालवायची वेगळी खोली) प्लेक्ससारखं व्हिडिओ दाखवणारं अ‍ॅप वगैरे चालवत असाल तर ते तिथे नव्याने टाकावं लागतं.

इम्पोर्टनंतर पूल अपग्रेड करा अशी सूचना येईल. सध्या दुर्लक्ष करा. ते केलं की जुनं फ्रीनॅस हा पूल लिहिण्यासाठी उघडेलच याची खात्री नाही, आणि मागे फिरायचा सोपा रस्ता बंद होतो. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, की मग करा. तोवर जुनी पेनड्राइव्ह कपाटात असू द्या, आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.