‘मुद्दाम करतो का हा?’

“मॅडम, गोळ्या वेळेवर चालू आहेत, कानातले आवाज थांबलेत, एमआरआयसुद्धा नॉर्मल आलाय. मग आता हा मुद्दामच लक्ष देत नाही, असं समजायचं ना?” कर्वेनगरहून आलेल्या एका वडिलांनी पहिल्याच भेटीत मला हे विचारले, तेव्हा त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा शेजारच्याच खुर्चीत बसलेला होता. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास आणि संशय ही लक्षणे दिसणाऱ्या मानसिक आजाराचे, निदान झालेल्या माणसांच्या घरातून हा प्रश्न फार वेळा येतो, म्हणून कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो अनुभव लिहीत आहे. मुलाला आपण निखिल म्हणू.

निमित्त वाणसामानाचे घडले होते. आईने त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून दही, साखर, साबण आणि काडेपेटी आणायला सांगितले होते. तो अर्ध्या तासाने फक्त काडेपेटी घेऊन परतला आणि उरलेले पैसे मुठीत घट्ट धरून दारातच उभा राहिला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत उत्तम गुण मिळवलेल्या मुलाला चार वस्तू लक्षात राहू नयेत, हे वडिलांच्या पचनी पडत नव्हते. त्या दिवशी घरात त्याला जे बोलले गेले, ते इथे लिहीत नाही.

आई सांगत असताना नेमके काय होते, असे मी निखिललाच विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. त्याच्या वतीने उत्तर द्यायला वडील पुढे सरसावले, त्यांना मी हातानेच थांबवले. मग तो म्हणाला, “आत्ता तुम्ही बोलताय, पंखा कुरकुरतोय, खाली टेम्पो रिव्हर्स घेतोय. तिन्ही सारखंच मोठ्याने येतं. त्यातून तुमचं तेवढं वेगळं काढावं लागतं. ते काढेपर्यंत तुम्ही पुढचं बोललेल्या असता.” पंखा कुरकुरतो आहे, हे त्याने सांगेपर्यंत मला ऐकूही आले नव्हते.

निखिलने जे सांगितले, ते संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजलेले आहे. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन एकसारखे ‘टक्’ आवाज ऐकवले, तर बहुतेकांचा मेंदू पहिल्याला जितका प्रतिसाद देतो त्याहून बराच कमी दुसऱ्याला देतो, कारण ‘हे आत्ताच ऐकले, यात नवे काही नाही’ असे म्हणून तो आवाज आपोआप मागे सारला जातो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ही गाळणी सरासरीने कमी काम करते. त्याउलट, एकसुरी आवाजांच्या मालिकेत मध्येच एखादा वेगळा आवाज आला, की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठळक लाट उमटते. ती या आजारात लहान आढळते. थोडक्यात, जे गाळायचे ते आत येते आणि ज्याची दखल घ्यायची ते पुरेसे उठून दिसत नाही. कपाळामागचा जो भाग सूचना मनात धरून ठेवतो, त्याचे कामही अनेकांमध्ये विस्कळीत दिसते. शिवाय आपण एखाद्या कामाला लागलो की मनातल्या भटकंतीशी जोडलेले मेंदूचे जाळे एरवी शांत होते, ते या आजारात पुरेसे शांत होत नाही.

“मग एमआरआयमध्ये काहीच कसं आलं नाही?” वडिलांचा प्रश्न रास्त होता. नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव, जुनी इजा यांसारखी कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी काढतात. त्यात मेंदूची रचना दिसते, काम करण्याची रीत दिसत नाही. वर सांगितलेले फरकही अनेक माणसांची सरासरी काढल्यावर दिसतात, त्यामुळे एकट्या निखिलचा आलेख काढून ‘हा पाहा पुरावा’ असे कोणालाही म्हणता येणार नाही. या आजारात लक्ष विस्कटते हे क्रेपेलिन आणि ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच नोंदवले होते, आणि ब्लॉयलर यांनी तर १९०८ साली आजाराला आजचे नाव दिले. तरीही घरोघरी या लक्षणाला आळस म्हटले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. भास आणि संशय यांना आजार मानणारे नातेवाईक लक्ष न लागण्याला मात्र स्वभाव मानतात.

औषधांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. आजारावरच्या गोळ्यांनी भास, संशय पुष्कळ आटोक्यात येतात, पण लक्ष आणि स्मरण यांत सुधारणा बेताचीच होते. निखिलला थरथर कमी होण्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळीही बऱ्याच काळापासून चालू होती, आणि ती स्मरणशक्तीवर ताण आणू शकते. मी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी तपासून ती हळूहळू कमी केली. हे काम त्यांचेच होते. घरच्यांनी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण त्यातून आजार उलटण्याची मोठी भीती असते.

घरात आम्ही जे बदलले ते साधे होते, पण वडिलांना ते जड गेले. बोलण्यापूर्वी टीव्ही बंद करायचा, निखिलचे नाव घेऊन त्याने पाहिले की एकच गोष्ट सांगायची, आणि मग गप्प राहायचे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड ठरले. “दहा सेकंद म्हणजे किती मोठे असतात हो,” असे ते एकदा म्हणाले. चार वस्तू असतील तर चिठ्ठी निखिलच लिहू लागला आणि दुकानात एकेक वस्तू मिळाली की तिच्यापुढे खूण करू लागला. सकाळी गर्दी नसलेल्या रस्त्याने बापलेक चालायला जाऊ लागले. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा लक्ष आणि स्मरण यांचे क्रमाने वाढत जाणारे सराव चालू राहिले. त्यांतले यश रोजच्या कामात उतरवावे लागते, नाहीतर ते कागदावरच राहते.

“तो पूर्वीसारखा होईल का?” या आईच्या प्रश्नाला मी होकार दिला नाही. चार महिन्यांनी तो दुकानातून बहुतेक वेळा सगळे सामान आणू लागला होता, थकलेला असला की मात्र अजूनही विसरत होता.

सध्या तो आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दोन तास, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका ओळखीच्या बाइंडरकडे पुस्तकांचे फर्मे क्रमाने लावायला जातो. तिथे दिवसभर रेडिओ चालू असे. आपण काम करत असताना तो बंद ठेवाल का, असे पहिल्याच आठवड्यात निखिलने स्वतःच मालकांना विचारले.