आजीच्या पेटीतले जुने रुपये चांदीचे आहेत का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आजीच्या पेटीत फडक्यात बांधलेले १७ जुने रुपये निघाले, काहींवर राणी, काहींवर राजा. बर्फ ठेवून, चुंबक लावून किंवा लिंबाने घासून चांदी ओळखता येते का, असं तुम्ही विचारलंय. आधी एक विनंती. लिंबू, चिंच, राख, टूथपेस्ट यातलं काहीही त्या नाण्यांना लावू नका. ती काळी दिसत असतील तर काळीच राहू द्या.

अमळनेरला आमचं सोनारकीचं लहान दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लोक असे रुपये घेऊन येतातच. वडील नाणं हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पहिले आयक, मंग देख." मी मात्र आधी साल वाचायला सांगतो, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं.

कंपनी सरकारचा १८३५ चा रुपया असो, राणीछाप असो की राजाछाप, १९३९ पर्यंतच्या या रुपयात ९१.७ टक्के चांदी असायची, बाकी तांबं. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना एक तोळा. आपल्याकडे रुपयानेच वजन करायचे आणि ८० रुपयांच्या भाराचा शेर व्हायचा, तो याच रुपयामुळे. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. हे १९४५ पर्यंत चाललं. १९४७ चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. त्यामुळे तुमच्या १७ नाण्यांचे आधी सालाप्रमाणे ढीग करा: १९३९ पर्यंतचे, १९४० ते ४५ चे, आणि १९४७ पासूनचे.

चेहरा आणि साल जुळतं का, तेही पाहा. राणीच्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या, नावापुढे १८७६ पर्यंत क्वीन आहे, १८७७ पासून एम्प्रेस. तिचे रुपये १९०१ ला थांबतात, म्हणून राणीचा चेहरा आणि साल १९०५ असं नाणं दिसलं तर ते खोटंच. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही (१९०३ ते १९१०), पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर आहे. आणि सहाव्या जॉर्जचं १९३९ सालचं नाणं निघालं तर फार हुरळून जाऊ नका. ते दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर आहेत.

आता वजन. स्वयंपाकघरातल्या काट्याला एका ग्रॅमपर्यंतच कळतं, तेव्हा दहा रुपये एकदम ठेवा. ११५ ते ११७ ग्रॅमच्या आसपास आले तर ठीक. हाताळून झिजलेली नाणी थोडी हलकी भरतात, पण एखादं एकटंच साडेदहा ग्रॅम भरत असेल तर ते बाजूला काढा. सगळ्यांची चळत करून आडवी धरा आणि कडा बघा. १९३९ पर्यंतच्या खऱ्या रुपयाच्या कडेला बारीक उभ्या खाचा सगळीकडून सारख्या असतात. ओतीव नकलेच्या कडेला जोडाची रेघ दिसते, अंगावर बारीक खळगे दिसतात. मुलामा दिलेल्या नाण्याचं तांबं पहिल्यांदा कडेलाच लाल डोकावतं.

मग वडिलांचं "आयक". रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरायचा आणि दुसऱ्या नाण्याने कडेला हलकी टिचकी द्यायची. फरशीवर आपटायचं नाही, त्याने कड चेपते. जुना बंदा रुपया बारीक, लांब वाजत राहतो. १९४० नंतरचा लवकर थांबतो. शिशाचा तर वाजतच नाही. पण रुपया वाजला नाही म्हणून लगेच खोटा ठरवू नका. ज्याला हारात ओवायला कडी झाळली होती किंवा ज्याला चीर आहे तो अस्सल असूनही बद्द वाजतो. सातपुड्याकडच्या बायांच्या गळ्यातले रुपये मी पाहिलेत, त्यातले बरेच असेच.

हे मी एवढं का सांगतो, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी शिरपूरकडच्या एक मावशी ११ रुपये घेऊन आल्या. एका व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की ही जर्मन सिल्व्हरची, म्हणजे बिनचांदीची, आहेत, सगळ्यांचे मिळून हजार रुपये देतो. मावशींनी पदराची गाठ सोडली आणि एकेक नाणं काउंटरवर मांडलं. अक्षरांच्या खाचांत वर्षानुवर्षांचं हळद-कुंकू सुकून बसलेलं. काट्यावर ११ नाणी १२७ ग्रॅम भरली. वाजवून पाहिली तर दहा खणखणीत, एक दबकं. त्याचं साल १९४४. दहा पूर्ण चांदीचे, एक निम्म्या चांदीचा. मावशींनी ते विकले नाहीत आणि मला त्याचा फार आनंद झाला.

वजनाने १९४४ चा रुपया पकडता येत नाही, कारण तोही ११.६६ ग्रॅमचाच. तिथे आणि नकलेच्या बाबतीत पाण्याची परीक्षा सगळ्यात भरवशाची. त्याला दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी कोरडं नाणं तोला, समजा ११.६० भरलं. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला पातळ दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकत धरा, तळाला आणि कडेला टेकता कामा नये, अंगाला बुडबुडे चिकटलेले नसावेत. आता काटा जे दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. १.१२ दाखवलं तर उत्तर साधारण १०.३५ येतं, म्हणजे ९१.७ टक्क्यांची चांदी. १९४० ते ४५ च्या नाण्याचं साडेनऊच्या आसपास येतं. तांब्यावर मुलामा असेल तर नऊच्या जवळ, जर्मन सिल्व्हर असेल तर साडेआठच्या आसपास. जर्मन सिल्व्हरमध्ये सिल्व्हर फक्त नावात आहे. ते तांबं, जस्त आणि निकेल. घाई करू नका, प्रत्येक नाणं दोनदा करा.

चुंबकाचा उपयोग फक्त खोटं पकडायला. चिकटलं तर लोखंड किंवा निकेल, चांदी नाही. पण तांबं, शिसं आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत, म्हणून न चिकटणं हा पुरावा धरू नका. बर्फाचं म्हणाल तर चांदी उष्णता सगळ्यात चांगली वाहून नेते, म्हणून तिच्यावर बर्फ भराभर वितळतो हे खरं. पण तांबंही जवळजवळ तेवढीच वाहून नेतं, त्यामुळे मुलाम्याचं नाणं या परीक्षेत सहज पास होतं. त्यात वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा बर्फ कशावरही टिकत नाही. तेजाबाची परीक्षा घरी करायचीच नाही. हात भाजतो आणि नाण्यावर डाग कायमचा राहतो.

आणि कानस तर कधीच नाही. सोळा वर्षांचा असताना मी एडवर्डच्या एका रुपयाच्या कडेला आत काय आहे ते बघायला कानस लावली होती. आत चांदीच होती. तो रुपया आमच्या देव्हाऱ्यात आहे आणि त्याची ती कापलेली कड मला दर दिवाळीला दिसते. लिंबू-चिंचेनेही तसंच होतं, फक्त हळूहळू. नाण्यावरचा काळा थर हवेतल्या गंधकामुळे धरतो, तो जुनेपणाची खूण आहे. संग्राहक घासून चकचकीत केलेल्या नाण्याला कमी भाव देतात.

अधेली (आठ आणे), पावली (चार आणे), चवली (दोन आणे) निघाल्या तर वजन त्याच हिशेबाने, अधेलीचं ५.८३ ग्रॅम. फक्त १९१८ पासून चवल्या आणि १९१९ ते २१ दरम्यान पावल्या-अधेल्या तांबं-निकेलच्याही निघाल्या, तिथे फसू नका. गांधीजींचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. बऱ्हाणपूरच्या टाकसाळीचे मोगल रुपये किंवा चांदवडच्या टाकसाळीचे चांदवडी रुपये आपल्या भागात निघतात, ते हाताने ठोकलेले, ओबडधोबड. त्यांना कडेच्या खाचांचा नियम लागू नाही.

"शेतात नांगरताना हंडा निघाला, स्वस्तात देतो" म्हणून कोणी राणीछाप रुपये घेऊन आलं तर घेऊच नका. बहुतेक वेळा ते नकली असतात. खरेच जमिनीतून निघालेले असतील तर १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो.

शंका उरलीच तर सराफाकडे मशीनवर टंच (चांदीची शुद्धता) काढून घ्या, पण नाणं नजरेआड होऊ देऊ नका. विकायचं ठरलं तर हे आकडे लिहून न्या: जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, १९४० ते ४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. ठेवायचे असतील तर पुन्हा आजीसारखे सुती फडक्यात बांधा. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उमटते.