मुलगी नाल्याचं पाणी तपासते, नोकरीचं काय?

पत्र: मी पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. कॉलेजच्या पोरापोरींचा एक गट आहे, त्यात ती असते. नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणते आणि फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवते. बँकेच्या परीक्षांचं नाव काढू देत नाही, 'पर्यावरण न्याय' यातच काम करायचं म्हणते. आता त्यांचा गट आमच्याच भागातल्या डाईंगवाल्यांविरुद्ध (सूत-कापड रंगवणाऱ्यांविरुद्ध) अर्ज करणार आहे. उद्या मालकाने मला बोलावलं तर? आणि या कामात पोट भरतं का? – एक पालक, सोलापूर

उत्तर: नमस्कार. तुम्ही विचारलंय पोटाचं, पण झोप उडवलीय मालकाने. म्हणून आधी ते घेते.

रंगाच्या पाण्याचा वास ज्यांच्या घरात येतो त्यांचीच माणसं डाईंगमध्ये पाळीला असतात. डाईंगला टाळं लागलं तर मालक दुसरा धंदा बघेल, हजेरी बुडेल ती तुमच्या गल्लीची. त्यामुळे 'कारखाना बंद करा' असा अर्ज असेल तर तो मलाही पटणार नाही. पण मागणी दुसरीही असू शकते. प्रत्येक डाईंगला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र घ्यावं लागतं. किती पाणी सोडायचं, कसं शुद्ध करून सोडायचं हे त्यात लिहिलेलं असतं. नाल्यात सोडायच्या पाण्यात बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरमागे 30 मिलिग्रॅम आणि सीओडी (रसायनांसकट सगळ्या घाणीचं तसंच माप) 250 च्या आत हवा. शुद्धीकरणाची टाकी असूनही वीज आणि केमिकल वाचवायला ती बंद ठेवायची, हा प्रकार या धंद्यातल्या माणसाला मी सांगायला नको. माहिती अधिकारात संमतीपत्राची प्रत मागवावी आणि 'यात लिहिलंय तसं चालवा' एवढंच म्हणावं. त्यात कुणाची रोजी जात नाही.

मुलीला आणखी एक सांगा. तिच्या बाटलीतलं पाणी कायद्यापुढे पुरावा म्हणून टिकणार नाही. 1974 च्या जल कायद्याप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने मालकाला तिथल्या तिथे नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील करून घेतलेलं पाणीच ग्राह्य धरतात. मग तिची मेहनत वाया का? अजिबात नाही. पाणी कुठे आणि किती वाजता सुटतं याची नोंद असेल तर अधिकाऱ्याला नेमक्या वेळी बोलावता येतं. (नमुना चार अंशांच्या आसपास थंड ठेवायचा हे ती बरोबर करते, पण दुधाशेजारी नको. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जागा मागावी.) आणि तुम्ही ज्या कारखान्यात आहात तो अर्जात असेल तर त्या अर्जावर तिने सही करू नये, गटातल्या दुसऱ्या कुणी करावी. याला भित्रेपणा म्हणत नाहीत. बापाची नोकरी आणि पोरीची तक्रार एका कागदावर आली की समोरचा मूळ मुद्दा सोडून तुमच्यावरच बोलतो.

आता पोटाचं. सरळ सांगते, फक्त तळमळ घेऊन येणाऱ्यांचं या क्षेत्रात पोट भरत नाही. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा कमी आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला. अशा निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, शिवाय एका संस्थेने तो निधी दुसरीला देणंही बंद झालं. लहान संस्थांना हे जड गेलं. झाडं लावायला, घोषणा द्यायला माणसं मिळतात. पाण्याचा अहवाल वाचणारं, नकाशा करणारं, अर्जाचा मसुदा लिहिणारं माणूस शोधावं लागतं. तुमच्या मुलीकडे रसायनशास्त्र आहे, म्हणजे ती निम्म्या वाटेवर आहे.

पदवी मात्र चांगल्या गुणांनी पूर्ण करू द्या. पुढे मला तिच्यासाठी कायदा सगळ्यात योग्य वाटतो. पदवीनंतर सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देऊन तीन वर्षांचं एलएलबी, ते सोलापुरात राहूनही होतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, आणि रसायनशास्त्र कळणारे वकील तिथे लागतातच. कायदा नको असेल तर पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. समाजकार्याकडे ओढा असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं संकुल तुळजापूरला आहे, घरापासून तासाभरावर. आणि घरात पैशाची निकड असेल तर दोन वर्षं एखाद्या मोठ्या डाईंगच्या प्रयोगशाळेत किंवा शुद्धीकरण प्रकल्पावर नोकरी करू दे. गटातली मुलं नाक मुरडतील, मुरडू देत. टाकी आतून कशी चालते आणि कशी चालवल्याचं दाखवतात, हे तिथेच कळतं.

हे काम एका नाल्यापुरतं नाही, हेही ध्यानात घ्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. तेच धरण आपण पितो, तेही काही दिवसांआड. त्याबद्दल आपण पुण्याला बोल लावतो आणि रास्तच लावतो. पण आपलं सांडपाणी घेऊन सीना नदी कुडलला भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात विजयपूर, कलबुर्गीकडे जाते. तिथल्या माणसाला आपणच पुणेकर! वरच्याशी भांडायचं आणि खालच्याचं ऐकून घ्यायचं, दोन्ही जमणारी माणसं या खोऱ्यात थोडी आहेत. तुमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, सोलापुरात राहून कानावर कन्नड. कन्नड नीट बोलायला तिने आत्ताच शिकावं. कुठल्याही प्रमाणपत्राआधी मी हे सांगेन.

बँकेच्या परीक्षेचा हट्ट तूर्त सोडा. त्या बदल्यात तिच्याकडून एक कबूल करून घ्या: तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीचे तीन महिने गटाचं काम बंद, फक्त अभ्यास. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. तिला विचारायचं आहे ते तुमच्या प्रश्नांपेक्षा वेगळं असणार.