तुम्ही विचारलंत: इंग्लंडच्या मिल्टन कीन्स डॉन्स या फुटबॉल क्लबचा लोकांना अजून एवढा राग का? क्लब दुसऱ्या शहरात नेला तर बिघडलं काय?

इंग्लंडचं आधी उरकतो.

हा क्लब आधी लंडनचा विम्बल्डन होता, १९८८ च्या एफए कप फायनलमध्ये लिव्हरपूलला १-० ने हरवणारा तोच. सांचेझचा हेडर आणि बीझंटने अडवलेली ऑल्ड्रिजची पेनल्टी. १९९१ मध्ये त्यांनी प्लाउ लेन हे स्वतःचं मैदान सोडलं आणि क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून राहिले. मे २००२ मध्ये तिघांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी क्लबला मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. हे शहर साधारण नव्वद किलोमीटर लांब. २००३ ला क्लब गेला, २००४ ला नाव बदललं. राग याचा की ज्या शहराला क्लब हवा होता त्याने तो तळाच्या लीगपासून वर आणला नाही. दुसऱ्याने शंभर वर्षं घाम गाळून मिळवलेली जागा उचलून नेली.

आता तुमचं दुसरं वाक्य: "भारतात तर क्लब सर्रास हलतात, इथे कुणाला काही वाटत नाही." मला वाटतं. म्हणून लिहायला बसलो.

मी बेळगावचा. सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी स्पर्धेच्या मॅच बघत वाढलो. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली २०१४ ला, तेव्हा मी आणि माझा आतेभाऊ नोकरीसाठी पुण्यात होतो, कर्वेनगरला कॉट बेसिसवर, एकाच खोलीत. एफसी पुणे सिटी आमची झाली ती अशी. बंगळूर घरापासून पाचशे किलोमीटर, गोवा जवळ, पण आम्ही राहत होतो पुण्यात आणि बालेवाडीला पोटभर मराठीत ओरडता यायचं. आतेभावाने लक्ष्मी रोडवरून नारिंगी कापड आणलं, खोलीमालकीणबाईंनी मशीनवर दोन उपरणी शिवून दिली. माझं अजून आहे. एका कडेचा दोरा उसवलाय, बाकी धड आहे.

२०१७-१८ ला मार्सेलिन्यो आणि अल्फारोच्या जोरावर आम्ही सेमीफायनल गाठली. पहिली मॅच बालेवाडीला ०-०. दुसरी ११ मार्चला बंगळुरात, रविवार होता, मुद्दाम बेळगावला येऊन आत्याच्या घरी बघितली. सुनील छेत्रीने तीन गोल मारले, ३-१ ने गेलो. आतेभाऊ जेवला नाही. आत्या म्हणाली, "पुण्याची टीम हरली म्हणून बेळगावात उपाशी राहतंय होय रे कोण?" तरी तो जेवला नाही. हे मुद्दाम सांगतोय, पुढचं कळावं म्हणून.

मी २०१९ ला खडे बाजारातलं वडिलांचं दुकान बघायला परत आलो. आतेभावाला हैदराबादला नोकरी लागली. आणि त्याच वर्षी पुणे सिटी बंद पडली, तिची लीगमधली जागा हैदराबादला गेली. कोच फिल ब्राउन तिकडे गेला, मार्सेलिन्यो गेला, निखिल पुजारी, आदिल खान गेले. त्याच महिन्यांत दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली.

आतेभावाने हैदराबादची पिवळी जर्सी घेतली. फोनवर म्हणाला, "आपलीच टीम आहे की रे, मी जिथं आलो तिथंच आली." मी फोन ठेवला.

२० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची फायनल होती, हैदराबाद विरुद्ध केरळ. त्याने दोन तिकिटं काढली, बेळगावला आला, मला गाडीत घातलं. स्टेडियम सगळं पिवळं, पण ते केरळवाल्यांचं पिवळं. हैदराबादचे म्हणून आमच्याभोवती मूठभर लोक. माझ्या बॅगेत नारिंगी उपरणं होतं, ते बाहेर काढलं नाही. केरळने गोल मारला, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साहिल ताव्होराने फेडला. शूटआउटमध्ये हैदराबादचा गोलकीपर, गोव्याच्याच कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या. आतेभाऊ माझ्या गळ्यात पडून रडत होता, "आपण जिंकलो, आपण जिंकलो." मला टाळी वाजवता आली नाही. हात मांडीवरून उचललेच नाहीत.

परत येताना चोर्ला घाट. कणकुंबीपर्यंत कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "मी बेळगाव सोडलं म्हणून मी दुसरा माणूस झालो का? मग क्लब कसा दुसरा झाला?"

मी म्हणालो, "तू तुझ्या मनाने गेलास. आणि गणपतीला येतोस. क्लब गणपतीला येतो का?"

"मग तुम्ही काय केलंत? विम्बल्डनवाल्यांनी केलं ते का नाही केलंत?"

तिथे मी गप्प बसलो, पण उत्तर आहे आणि ते तुमच्याही कामाचं आहे. २००२ च्या उन्हाळ्यात विम्बल्डनच्या चाहत्यांनी विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर खुली निवड चाचणी ठेवली, एएफसी विम्बल्डन काढला, नवव्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली, २०११ ला फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि २०२० ला प्लाउ लेनवर नव्या मैदानात परतले. त्यांना चढायला शिडी होती. २०१९ ला आयएसएलमध्ये खालून वर यायची सोयच नव्हती. जागा खेळून मिळत नव्हती, पैसे भरून मिळत होती. मग ती कुठेही नेता येत होती, आणि मागे राहिलेल्याने कितीही जीव तोडला तरी परत वर यायला रस्ता नव्हता. आपल्याकडे क्लब सहज हलतात ते यामुळे. लोकांना काही वाटत नाही म्हणून नव्हे.

कोल्हापुरात जाऊन बघा. पाटाकडील तालमीचा फुटबॉल संघ उद्या सांगलीला हलवतो म्हणा, शाहू स्टेडियमच्या फाटकातून बाहेर पडू देणार नाहीत. तिथे संघ पेठेचा आहे, मालकाचा नाही. आम्ही सीमाभागातले, आम्हाला हे शिकवावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, २०१४ ला कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं, पण गाव जागचं हललं नाही, माणसं तीच, हाकेला तीच ओ देतात. माणसं आणि जागा राहिली तर नाव बदललं तरी चालतं. क्लबचं उलटं होतं.

दोन गोष्टी मात्र कबूल करायला हव्यात. मिल्टन कीन्सच्या पोरांचा यात काही दोष नाही. २०१४ ला मँचेस्टर युनायटेडला ४-० ने हरवताना ज्याने बापाच्या खांद्यावर बसून बघितलं त्याचा तो क्लब आहेच, आणि त्याला कुणी हिणवू नये. त्यांनी विम्बल्डनच्या ट्रॉफ्याही २००७ ला मर्टनच्या, म्हणजे विम्बल्डन ज्यात येतं त्या भागाच्या, कौन्सिलला परत दिल्या, हे बरोबर केलं. आणि सगळीच हलवाहलव सारखी नसते. आर्सेनल १९१३ मध्ये वुलिचहून हायबरीला गेला, पण लंडनमध्येच राहिला.

बाकी, २०२५ ला हैदराबादचा क्लब दिल्लीला गेला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. त्या रात्री आतेभावाचा फोन आला. "नेला रे," एवढंच म्हणाला. चोर्ल्याचा विषय मी काढला नाही, काढणारही नाही. पण तुम्ही विचारलंत, आणि तो हे वाचेल, म्हणून इथे लिहून ठेवतो: भावा, तू पिवळी जर्सी घेतलीस याचा मला राग नव्हता. तुझं नारिंगी उपरणं तू हैदराबादला जाताना आत्याच्या कपाटात ठेवून गेलास, ते अजून तिथंच आहे. गणपतीला आलास की घेऊन जा.