आठ लाख थांबवा, मुलाला आधी पेट्रापोलला पाठवा

निफाड तालुक्यातल्या एका आईने विचारलंय : मुलगा बी.कॉम. झालाय, मामांच्या कांद्याच्या खळ्यावर हिशेब बघतो. ओळखीचा एक ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, बांगलादेश सीमेजवळ बनगावला ऑफिस टाकू, इथून माल भरायचा आणि तिथून पलीकडे सोडायचा. भागीदारीचे आठ लाख मागतोय. द्यावेत का?

ताई, आत्ता देऊ नका. मुलाच्या डोक्यात आलेला धंदा मात्र खरा आहे, त्याला नाउमेद करू नका. नाशिकचा कांदा पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या नाक्यांवरून बांगलादेशात जातो, आणि त्यावर सीमेवरच्या गावांत बरीच कुटुंबं पोट भरतात. कस्टम्सचं काम करणारे एजंट, गोदामवाले, हमाल, पार्किंगवाले, सगळे तिथलेच. त्यांच्या ओळखी जुन्या, भाषा त्यांची. त्यांच्याशी त्यांच्याच कामात स्पर्धा करायला नाशिकचं पोरगं कशाला हवं? त्याची ताकद वेगळी आहे. कोणता उन्हाळ कांदा चाळीत टिकलेला आहे, कोणता लाल कांदा चार दिवसांच्या प्रवासात पाणी सोडेल, गोल्टी म्हणजे बारीक कांदा कुठे खपवायचा, हे त्याला हात लावून कळतं. सीमेवरच्या एजंटाला ते कळत नाही.

त्याच्याकडे नाही ते कागदांचं ज्ञान. पेट्रापोलला आपला ट्रक पलीकडे बेनापोलच्या आवारात जातो, तिथे माल उतरवून त्यांच्या गाडीत भरतात. त्याआधी इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एक्स्पोर्ट आणि फायटो, म्हणजे माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला, हे सगळं जुळलेलं लागतं. समजा इनव्हॉइसवर एक वजन आहे आणि फायटोवर दुसरं. माल तर खाऊन संपतो, पण एलसीवर, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देऊ या आयातदाराच्या बँकेच्या लेखी हमीवर, पैसे देणारी बँक तेवढ्या फरकावर पैसे अडवू शकते. कागद तपासून हरकत घ्यायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस असतात. या धंद्यात नवखा माणूस बुडतो तो बहुधा इथे, कांद्याच्या भावात नाही.

दुसरी जोखीम सरकारांची, दोन्हीकडच्या. सप्टेंबर 2020 मध्ये आपल्याकडे अचानक निर्यातबंदी आली आणि सीमेवर उभ्या ट्रकांत कांदा सडला. 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा बंदी, ती उठली मे 2024 मध्ये, तीही 40 टक्के शुल्क लावून. तिकडे बांगलादेशनेही 2023 मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी आयात परवाने थांबवले होते. असे महिने आले की ऑफिसचं भाडं आणि माणसांचे पगार कोण भरणार, हे त्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. भागीदारीच्या करारात तोटा कसा वाटायचा ते लिहिलंय का, तेही बघा. मला वाटतं, उत्तर ऐकूनच तुमचा अर्धा निर्णय होईल.

मग मुलाने करायचं काय? कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे कस्टम्सचे कागद करून देणाऱ्या परवानाधारक एजंटाकडे, ज्याला बाजारात अजून सीएचए म्हणतात, वर्ष-दीड वर्ष नोकरी. पगार बेताचा असेल, तरी करू द्या. शक्यतो बनगाव-पेट्रापोललाच, नाहीच जमलं तर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरावर. काम करता करता जी-कार्डची, म्हणजे ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या कस्टम्सच्या ओळखपत्राची परीक्षा द्यावी. ती पास झाला की मालकाच्या वतीने कस्टम्सच्या कागदांवर सही करता येते, आणि असा माणूस बेकार राहिलेला मी पाहिलेला नाही. सोबत बांगला शिकावी. ढाक्याच्या आयातदाराशी फोनवर त्याच्या भाषेत बोलता आलं तर मधला दलाल निम्मा कमी होतो.

निर्यातीचा आयईसी कोड लगेच काढायला हरकत नाही. डीजीएफटी या केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या संकेतस्थळावर पाचशे रुपयांत घरी बसून निघतो. "कोडसकट एक्स्पोर्ट कोर्स" म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी प्रत्यक्ष माल पाठवायच्या वेळी करता येईल.

नोकरीनंतर पहिला व्यवहार मामांच्याच खळ्यावरच्या एका ट्रकचा करावा. एलसी हातात आल्याशिवाय गाडी भरू नये, आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा घ्यावा, म्हणजे समोरच्याने पैसे बुडवले तर काही आधार राहतो. कोणी "कमी किमतीचं बिल बनवू, फरक रोखीने देऊ" म्हणालं तर तिथूनच परत फिरायचं. अशा बिलावर पकडला गेला तर कोडही जातो आणि नावही.

कराराचा मसुदा तयार झाला असेल तर सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून कळवतो.