फियाटचे दार नीट लागत नाही, तेव्हा

प्रश्न : आजोबांनी १९६८ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट मी गेली दोन वर्षे पूर्ववत करून घेत आहे. डाव्या बाजूच्या दारांखालचा, उंबऱ्याचा पत्रा गंजून गेला होता, म्हणून नव्याने बनवलेला तयार पत्रा आणून तो वेल्ड करवून घेतला आणि दारांना नवे रबरही लावले. आता पुढचे दार आपटल्याशिवाय लागत नाही. शिवाय पुढच्या आणि मागच्या दारामधली फट वरच्या टोकाला चार, तर खालच्या टोकाला नऊ मिलिमीटर भरते. कारागिराच्या मते सुटे भाग 'डुप्लिकेट' असले की असे होणारच. दाराची कड थोडी घासू आणि उरलेले पुट्टीने भरू, असे तो सांगतो. त्याला होकार द्यावा काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : होकार देऊ नये. आपल्या गाडीचे दार हा तिचा अस्सल भाग आहे आणि उंबऱ्याचा पत्रा ही नक्कल आहे. नकलेतली चूक झाकण्यासाठी अस्सल भाग घासला, तर पुढे चांगला पत्रा मिळाला तरी त्याचा उपयोग राहणार नाही. पुट्टीचे म्हणाल, तर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर दाराच्या कडेवर, रोजच्या आदळण्यात, फार काळ टिकत नाही.

आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी आहेत. दार आपटावे लागते याचा संशय रबरावर घेता येईल. पण वर अरुंद आणि खाली रुंद अशी फट रबरामुळे पडत नाही. दार मागच्या बाजूने खाली लोंबले असेल तर अशी फट पडते, तशीच ती गाडी मध्यभागी खचली असेल तरीही पडते. म्हणून आधी दार अर्धे उघडून त्याची मागची कड दोन्ही हातांनी वर उचलून पाहावी. खडखड जाणवली, तर बिजागरीची पिन झिजलेली आहे, आणि ती बदलल्यावर अर्धा प्रश्न तिथेच मिटू शकेल.

खडखड नसेल, तर दारे उतरवून चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत आणि उजव्या बाजूच्या त्याच मापांशी ताडून पाहावेत. या फियाटला वेगळी चासी नाही. सांगाडा आणि पत्रा मिळून एकच शरीर आहे आणि उंबरा हा त्यातला भार पेलणारा भाग आहे. गाडी पुढून आणि मागून टेकूंवर तोलून, मध्ये काहीही आधार न देता जुना उंबरा कापला, तर मधला भाग नकळत खाली बसतो, दारांचे खांब वरच्या टोकांना एकमेकांकडे झुकतात आणि नवा पत्रा त्याच वाकलेल्या अवस्थेत कायमचा जोडला जातो. आपल्याकडे तसेच झाले असेल, तर दोष विक्रेत्याचा नाही. वेल्ड सोडवावे लागेल, मध्यभाग जॅकने हळूहळू उचलून कर्ण जुळवावे लागतील, चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी पाइप टाकून ते माप धरून ठेवावे लागेल आणि मग दारे बसवलेल्या स्थितीतच पत्रा ठिकठिकाणी नुसता टाचून, फटी पुन्हा तपासून, शेवटी पूर्ण जोडावा लागेल. काम कंटाळवाणे आहे आणि कारागीर कुरकुरेल, हे मान्य.

फटी जुळवताना सुरुवात मागून करावी. मागचा पत्रा हलत नाही, म्हणून आधी मागचे दार त्याच्याशी, मग पुढचे दार मागच्या दाराशी, त्यानंतर मडगार्ड आणि सर्वांत शेवटी बॉनेट. रबर या साऱ्या कामानंतर लावायचे असते. ते आधी लावले, तर दार कशामुळे अडते आहे हेच कळत नाही.

रबराची परीक्षा सोपी आहे. मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीच्या छोट्या गोळ्या रबर काढलेल्या चौकटीवर वीतभर अंतराने चिकटवाव्यात, त्यांच्यावर थोडी टाल्कम पावडर लावावी, दार अलगद पूर्ण लावून उघडावे आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजावी. सगळीकडे सात-आठ मिलिमीटर आले आणि आपले रबर भरीव, कडक व बारा मिलिमीटर जाड असले, तर दार लागणे शक्यच नाही. तिथे सहज दबणारे स्पंजचे रबर हवे. एका कोपऱ्यात सात आणि दुसऱ्यात तीन आले, तर मात्र रबर बदलून काहीही साधणार नाही. दार पिळलेले आहे किंवा चौकट.

नवा भाग खरोखरच चुकीचा असू शकतो, हेही खरे. छोटे कारखाने बहुतेकदा कुणाच्या तरी वापरलेल्या, कधी अपघातानंतर ठोकून सरळ केलेल्या भागावरून साचा करतात. पत्रा मूळपेक्षा पातळ घेतात, आणि दाबानंतर पत्रा थोडा मागे उसळतो त्याचा हिशेब धरत नाहीत. म्हणून भाग हाती आल्या दिवशीच तो जुन्याशेजारी ठेवून मोजावा आणि फोटो काढावेत. भोक पाडलेला किंवा रंगवलेला भाग विक्रेता सहसा परत घेत नाही. मी स्वतः एकदा बॉनेट आधी रंगवून मग बसवायला घेतले होते. कडा जुळेनात, दुकानदाराने हात वर केले, आणि त्या बाबतीत त्याचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही.

एक पर्याय मात्र आवर्जून पाहावा. फियाट ११०० चे हे शरीर १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होते आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने किरकोळ बदलांसह दीर्घकाळ बनत राहिले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात संपली असली, तरी मोडीत निघालेल्या गाड्यांचे मूळ पत्रे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी केल्यास अजून मिळू शकतात. थोडा गंज लागलेला मूळ पत्रा मी नव्या चकचकीत नकलेपेक्षा केव्हाही पसंत करीन. फक्त मधल्या काळातले बदल लक्षात घेऊन तुकडा ताडून घ्यावा.

प्रश्न : दाराचे क्रोम हँडल नवीन घेतले. त्याच्या दोन स्क्रूंमधले अंतर दारावरच्या भोकांपेक्षा सुमारे अडीच मिलिमीटर कमी आहे. भोके कानसीने लांबवू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दार कापू नका. जुन्या हँडलचाच साचा करून पितळ ओतले, की थंड होताना ते साधारण दीड टक्का आकसते. दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटरच्या अंतरात तेवढाच फरक पडतो. म्हणजे हे हँडल मापात घटले आहे आणि ते ताणून वाढणार नाही. परत करता येत नसेल, तर हँडलच्याच एका टोकाचे स्क्रूचे भोक भरून योग्य जागी नवे पाडता येते. त्यासाठी आधी त्याचे क्रोम उतरवावे आणि दारावर लावून पाहिल्यावरच ते पुन्हा क्रोमला द्यावे. जुने हँडल टाकून दिले नसेल, तर त्याचेच क्रोम उतरवून पुन्हा चढवणे मला अधिक बरे वाटते.