फॅन्कोनी अ‍ॅनिमिया : रजिस्ट्रीचा फॉर्म भरावा का?

दादा, तुमच्या मुलीला फॅन्कोनी, म्हणजे हाडातली मज्जा रक्त बनवेनाशी होते तो आनुवंशिक आजार, निघाला, मुंबईच्या डॉक्टरांनी रजिस्ट्रीचा, म्हणजे अशा रुग्णांच्या नोंदवहीचा, फॉर्म पुढं केला आणि घरचे म्हणतात, नाव यादीत गेलं की पोरीचं लग्न कसं जमायचं, आणि आपल्याला मिळणार काय? आम्हीही सोलापूरचेच, माझ्या मुलालाही हाच आजार, त्याचा मज्जेचा ट्रान्सप्लांट होऊन बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत, भरा. पण संमतीपत्र मराठीत मागा आणि सहीआधी विचारा : संशोधकांना नाव दिसणार की नुसता कोड नंबर? रक्ताचा नमुना बाहेर जाणार का? पुढं काही सापडलं तर आम्हाला कळवणार का? नंतर नको वाटलं तर बाहेर पडता येईल का? फॉर्म नाकारला म्हणून उपचार अडवता येत नाहीत, हेही घरच्यांना सांगा. आणि खरं सांगू का, आपल्याकडं बातमी फुटते ती वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या पाहुण्यांकडून.

आता मिळणार काय ते. हा आजार इतका विरळा की एखाद्या डॉक्टरच्या आख्ख्या नोकरीत दोन-चार मुलं दिसली तर दिसली. तेवढ्यावरून पुढं काय होतं ते कुणाला कळणार? १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डॉ. आर्लीन ऑअरबाख यांनी आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री सुरू केली. २००३ मध्ये तिथल्या ७५४ रुग्णांचा वीस वर्षांचा हिशोब छापून आला, तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं : मज्जा तर बहुतेकांची चाळिशीच्या आत थकतेच, पण जे जगतात-वाढतात त्यांना तोंडाचा-घशाचा कॅन्सर इतरांपेक्षा कितीतरी जास्त आणि लवकर होतो. ट्रान्सप्लांटनं मज्जा बदलते, तोंडातली कातडी जुनीच राहते ना. म्हणून आज आमच्या मुलाच्या जिभेच्या कडा आणि गालाची आतली बाजू डॉक्टर ठरल्या वेळी बोटानं चाचपून बघतात, दुखत नसलं तरी. आणि म्हणूनच घरात मिशरी, तंबाखू, विड्यांची पानं काही नको. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात, तिथं हे सांगायला जड जातं, पण सांगा.

आपल्या उपयोगाचं आणखी एक. २०२० मध्ये फॅन्क-एल जनुकातला (ज्यांच्या बिघाडानं हा आजार होतो त्यांतलं एक) एक बदल भारतीय रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा सापडतो असं दाखवलं गेलं. वरवर निरुपद्रवी वाटणारा बदल, पण त्यानं जनुकाचा एक तुकडाच वगळला जातो. आपल्याकडच्या मुलांच्या नोंदी नसत्या तर हे कसं कळलं असतं? आयसीएमआरनं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं, दुर्मिळ आणि आनुवंशिक आजारांची राष्ट्रीय रजिस्ट्री २०१७ मध्ये सुरू केली, त्यामागं हीच गरज.

फॉर्म भरताना डॉक्टर घराण्याचं झाड काढतील : मुलगा चौकोन, मुलगी गोल, आजारी असेल तो काळा भरलेला, नात्यातलं लग्न असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर निःसंकोच सांगा. बिननात्याच्या घरातही हा आजार येतो, तेव्हा त्या रेघेवरून वहिनींना कुणी टोमणा मारला तर तुम्हीच गप्प करा. अंगठ्याची ठेवण, कातडीवरचे कॉफीसारखे डाग, उंची, रक्त कितीदा चढवलं, सगळं विचारतील. जुनी फाईल सोबत ठेवा.

तुमच्या धाकट्या मुलाची गुणसूत्रं तुटण्याची तपासणी (हा आजार ओळखायची रक्ततपासणी) मात्र आधी करून घ्या. अंगावर काही दिसत नसलं तरी त्यालाही आजार असू शकतो, आणि अशा भावाची मज्जा बहिणीच्या ट्रान्सप्लांटला चालत नाही. ट्रान्सप्लांटआधी देतात ती किमो, म्हणजे जुनी मज्जा मारणारी औषधं, तीही या मुलांना नेहमीच्या डोसची सोसत नाही, तेव्हा निदानाचा कागद प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवा.

पैशाचं वेगळं. केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजार धोरणात फॅन्कोनीचं नाव आहे, ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक. रजिस्ट्रीचा फॉर्म भरला म्हणजे मदतीचा अर्ज झाला, असं समजू नका.

आणि मोबाईल नंबर बदलला की रजिस्ट्रीवाल्यांना कळवा. ट्रान्सप्लांटनंतर मुलं बरी दिसायला लागली की घरचे फोन उचलत नाहीत, आणि पुढच्या वर्षांची नोंद तिथंच तुटते.